मोहल्ला कमिटीत विचारलेल्या प्रश्नाचं पुढे काय होतं? इतिवृत्त मागा, लेखी मागा

पर्वतीपायथा

जवळजवळ चार वर्षांनी पुणे महापालिकेत परत नगरसेवक आलेत. आधीची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि तिथपासून थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे विषय मांडणारे तेच, स्थायी समिती तेच आणि मुख्य सभाही तेच. २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं बजेट असंच झालं. पूर्वी त्याच बजेटवर मुख्य सभेत दिवसच्या दिवस भाषणं चालायची, त्यातली बरीच भाषणं ऐकवायची नाहीत हे मान्य, पण कोण कशाला विरोध करतंय आणि कोण गप्प बसलंय ते गॅलरीत बसून बघता तरी यायचं.

आता सभा सुरू झाल्यात, प्रभाग समित्या बसतील, क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे नागरिक आणि अधिकारी समोरासमोर बसतात त्या, बैठकांना पण परत माणसं येतील. अशा वेळी आपण सगळ्यांनी एकच गोष्ट हट्टाने धरावी असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक बैठकीचं लेखी इतिवृत्त मिळालं पाहिजे, आणि पुढची बैठक मागच्या इतिवृत्तावर काय कार्यवाही झाली हे वाचूनच सुरू झाली पाहिजे. नवे विषय त्यानंतर.

का म्हणतोय ते सांगतो. एका बैठकीतला प्रसंग आहे, शहर आणि कार्यालय मुद्दाम लिहीत नाही कारण तिथल्या माणसांच्या मागे लागायचं नाहीये. आमच्या गल्लीत डांबरीकरण झालं, चांगलं झालं, पण डांबराचा थर चढला आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं तशीच खाली राहिली. गोल खड्डाच तो, पावसात पाणी साचलं की दिसतही नाही. स्कूटरवरून जाणाऱ्या एक काकू तिथे पडल्या, मनगट मोडलं. बैठकीत विषय काढला तर पथ विभागाचे जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणाले चेंबर ड्रेनेजचं आहे, वर घ्यायचं काम त्यांचं. ड्रेनेजवाले म्हणाले रस्ता ज्याने केला त्याच्याच टेंडरमध्ये चेंबर लेव्हलला आणणं असतं. मग पथवाले म्हणाले हा रस्ता मुख्य खात्याने केलाय, क्षेत्रीय कार्यालयाने नाही. आणि मुख्य खात्याचं कुणी आलेलंच नव्हतं. अध्यक्षस्थानी बसलेले साहेब म्हणाले "बघून घ्या", आणि पुढचा विषय. हजेरीच्या रजिस्टरवर आमच्या सह्या आहेत पण कोण काय बोललं, किती दिवसांत करतो म्हणालं, याची एक ओळ कुठे नाही. पुढच्या बैठकीला जेई बदललेले. त्यांना काहीच माहिती नाही आणि त्यांना दोष तरी कसा देणार, त्यांच्या हातात कागदच नाही. परत पहिल्यापासून सगळं सांगा.

शेवटी आम्ही तिघांनी मिळून बैठक चालू असतानाच वहीत लिहायला सुरुवात केली. विषय, कुठल्या खात्याचा, कोण काय म्हणालं, कधीपर्यंत. बैठक संपली की ते पान साहेबांसमोर ठेवायचं, एक सही, झेरॉक्स आवक-जावकला देऊन पोच घ्यायची. आधी कुरकुर झाली, मग सवय झाली. चेंबर वर आलं, आणि त्या रस्त्यावरची बाकीची झाकणंही त्याच वेळी वर घेतली.

सांगायचा मुद्दा हा की प्रश्न जोरात विचारण्यापेक्षा तो कागदावर उतरणं महत्त्वाचं आहे. तुमच्या भागात बैठका होतात का, इतिवृत्त मिळतं का, कोणाला काय अनुभव आले ते लिहा प्लीज, पुण्याबाहेरच्यांनी पण.

धायरीकर

चांगला विषय. आमच्या सिंहगड रोडच्या बाजूच्या गावांचं थोडं वेगळं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. त्या दिवशी ग्रामपंचायती बंद. त्याआधी २०१७ ला ११ गावं आली होती, धायरी त्यात. आता २३ गावांचं बघा, ग्रामपंचायत गेली, आणि नऊ महिन्यांच्या आत महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, म्हणजे या गावांनी नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं तेच मुळी जानेवारी २०२६ ला. मधल्या साडेचार वर्षांत सरपंच नाही, नगरसेवक नाही, ग्रामसभा पण नाही. ग्रामसभेत वर्षातून चार वेळा तरी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसेवकाला उभं करून विचारता यायचं की टाकीची साफसफाई कधी केली, पैसे कुठे गेले. भांडणं व्हायची, पण प्रोसिडिंग बुकात लिहिलं जायचं आणि खाली सह्या-अंगठे असायचे. ते एक पुस्तक होतं गावाकडे. महापालिकेत आलो आणि ते पुस्तकच गेलं बघा.

आणि मग जानेवारी २०२५ ला जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी, हीच सगळी गावं. विहिरीचं पाणी, त्याला जलशुद्धीकरण प्रकल्प नाही, नुसतं क्लोरिन टाकून सोडायचे. पाण्याचं लोकं त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत होती. बोलत होती पण कुठे? साहेबांना भेटून, व्हॉट्सॅपवर, आंदोलनात. ज्या सभेत ते अधिकृतपणे नोंदलं गेलं असतं अशी सभाच नव्हती. लोकांचे हातपाय लुळे पडले, माणसं व्हेंटिलेटरवर गेली, तेव्हा सगळ्या खात्यांचे साहेब विहिरीवर आले.

त्यामुळे इतिवृत्ताच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमच्यासाठी हा जिवाचा विषय आहे.

रंकाळा

कोल्हापुरातून लिहितोय. पुण्याचे चार वर्षं म्हणताय, आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, म्हणजे पाच वर्षांच्या वर प्रशासक. नवी मुंबई, औरंगाबाद, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली सगळी २०२० पासून तशीच. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाची केस, मग प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा, आणि शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं तरी जानेवारी उजाडला. घटनेच्या २४३-यू मध्ये साफ लिहिलंय की मुदत संपायच्या आधी निवडणूक झाली पाहिजे. एवढं स्पष्ट लिहिलेलं पाळलं जात नाही याचा मला खरंच राग येतो.

सदाशिव_३०

सगळ्यांना नाउमेद करायचं नाहीये पण माझं मत वेगळं आहे. बैठकांना मी बरीच वर्षं जात होतो, आता जात नाही. नगरसेवकाला फोन केला की काम होतं, बैठकीत बोललं की होत नाही, हा माझा अनुभव. आणि त्यातही आता चार-चारचे प्रभाग, पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग, एकाला फोन केला तर तो म्हणतो तो भाग अमुकतमुकच्या वाटणीला आलाय. २००७ ला एकाचा वॉर्ड होता तेव्हा निदान माणूस ठरलेला होता.

आणि ठराव कागदावर आला म्हणून काय होतं? मिळकतकरातली ४० टक्क्यांची सवलत बघा. १९७० चा मुख्य सभेचा ठराव, राहत्या घराला सवलत, जवळजवळ पन्नास वर्षं चाललेलं. राज्य सरकारने तो ठराव विखंडित म्हणजे रद्द केला आणि लोकांच्या हातात फरकाची बिलं पडली. म्हाताऱ्या माणसांना हजारोंच्या रकमा. २०२३ ला सवलत परत आली ती पण पीटी-३ फॉर्म, पुरावे जोडा, रांगा लावा असं करून. पन्नास वर्षांच्या ठरावाची ही गत, तर मोहल्ला कमिटीच्या वहीतल्या पानाला कोण विचारतो.

ओळंबा

मी एका नगरपालिकेत आणि मग महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

नागरिक बैठकीत म्हणतो "फुटपाथ करा". जेई म्हणतो "करू". दोघांनाही माहिती असतं की हे होणार नाही, कारण काम व्हायला आधी पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज करावा लागतो, त्याला तांत्रिक मान्यता, मग बजेटमधल्या कुठल्या अर्थशीर्षकातून खर्च टाकायचा ते, तिथे तरतूद शिल्लक आहे का, नसेल तर वर्गीकरण, आणि वर्गीकरण म्हणजे दुसऱ्या कामाचे पैसे उचलून इकडे आणायचे, त्याला परत स्थायी आणि मुख्य सभेची मान्यता. मग टेंडर. जेईच्या हातात यातलं पहिलं पाऊल फक्त आहे. पण बैठकीत लोकांसमोर तो "माझ्या हातात नाही" म्हणाला तर आरडाओरडा होतो म्हणून तो "करू" म्हणतो. हे मी स्वतः बघितलेलं आहे, चांगली चांगली पोरं अशीच बोलायला शिकतात.

म्हणून पर्वतीपायथा यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. लेखी मागा, पण त्यात दोन गोष्टी नक्की विचारा. एक, हे काम क्षेत्रीय कार्यालयाचं की मुख्य खात्याचं? पुण्यात साधारण १२ मीटरपर्यंतचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याहून रुंद मुख्य पथ विभागाकडे असतात, त्यामुळे निम्मे वाद तिथेच मिटतात. आणि दुसरं, याला तरतूद आहे का, असेल तर कुठल्या शीर्षात. ज्याला तरतूद आहे ते काम करून घेता येतं, त्याच्या मागे लागा. ज्याला नाही ते पुढच्या बजेटमध्ये टाकायला लावा. "करू" हे उत्तर लिहूनच घेऊ नका.

सदाशिव, फोनवर काम होतं ते खरं आहे. पण ते काम कुणाच्या तरी दुसऱ्या कामाच्या आधी घुसतं हे पण लक्षात घ्या. ज्याच्याकडे नगरसेवकाचा नंबर नाही त्याचं चेंबर मग तसंच राहतं.

मुठाई

ओळंबाकाका, शेवटच्या वाक्यासाठी खूप धन्यवाद. मी वस्तीत काम करते, बायकांचे बचत गट. या बैठका कधी असतात माहितीये? मधल्या वारी, सकाळी अकरा-बाराला. त्या वेळेला आमच्या बायका चार घरची धुणीभांडी करत असतात. एक दिवस खाडा केला की पैसे कापले जातात. मग बैठकीला कोण येतं? रिटायर्ड काका लोक आणि सोसायट्यांचे चेअरमन. तुमच्याबद्दल तक्रार नाहीये, तुम्ही येता म्हणून निदान बैठक होते. पण मग विषय काय निघतात ते बघा, पार्किंग, भटकी कुत्री, झाडांच्या फांद्या, समोरच्या हॉटेलचा आवाज. सार्वजनिक संडासाचा नळ बंद आहे, दाराला आतून कडी नाही, रात्री लाईट नाही, हे कोण बोलणार? कडी नसली की पोरगी आत गेल्यावर आईला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं. रोज. पन्नास रुपयाच्या कडीसाठी.

ही कडी तरतुदीअभावी राहिलेली नाही काका. ती कुणी बोललंच नाही म्हणून राहिलीये.

तर माझी मागणी, महिन्यातून एक बैठक संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी, आणि कार्यालयात नाही तर वस्तीतल्या शाळेत किंवा समाजमंदिरात. ही मागणी पण तुमच्या कागदात घाला.

आकुर्डी_स्टेशन

पिंपरी-चिंचवडचं सांगतो. इकडे प्रशासक आल्यावर लगेच मार्च २०२२ मध्येच जनसंवाद सभा सुरू केल्या. आठही क्षेत्रीय कार्यालयांत एकाच वेळी, आधी दर सोमवारी, नंतर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी. प्रत्येक कार्यालयाला एक मोठा अधिकारी समन्वयक म्हणून नेमलेला. संध्याकाळी प्रेसनोट यायची, अमुक कार्यालयात इतक्या "तक्रारवजा सूचना" प्राप्त झाल्या. याचं श्रेय द्यायला पाहिजे, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असल्यामुळे लोकांना माहिती असायचं.

पण आकडा येतो तो किती सूचना आल्या त्याचा. मला पाहिजे तो आकडा म्हणजे मागच्या महिन्यातल्या किती निकाली निघाल्या, आणि "निकाली" म्हणजे नक्की काय. कारण ॲपवर पण तेच होतं, फोटो टाकून तक्रार करायची, दोन दिवसांनी मेसेज येतो की तक्रार बंद केली, आणि बाहेर जाऊन बघावं तर कचरा तिथेच. इतिवृत्तात तक्रारदाराची सही असल्याशिवाय विषय बंद करायचा नाही अशी अट पाहिजे.

फ्रीमाँटची_मावशी

मी कॅलिफोर्नियात राहते, माहेर नारायण पेठेतलं. इथे सिटी कौन्सिलच्या मीटिंगला मी नियमित जाते म्हणून थोडं लिहिते, तिकडचं सगळं वाईट आणि इकडचं छान असं मुळीच म्हणायचं नाहीये. इथेही घरांची टंचाई आहे, बेघर माणसं आहेत आणि मीटिंगमध्ये शेजारी गरिबांची घरं नकोत म्हणून तावातावाने बोलणारे सुशिक्षित लोक आहेत.

पण एक कायदा इथे फार उपयोगाचा आहे, ब्राऊन ॲक्ट, १९५३ चा. नियमित मीटिंगची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि जे विषयपत्रिकेवर नाही त्याच्यावर काही अपवाद सोडले तर निर्णयच घेता येत नाही. आणि प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो, माणशी दोन-तीन मिनिटं. मिनिट्स आणि व्हिडिओ वेबसाईटवर. मी पहिल्यांदा बोलले ते आमच्याकडच्या एका शाळेजवळच्या क्रॉसिंगबद्दल. लगेच काही झालं नाही, पण मी बोलले हे नावासकट नोंदलं गेलं, आणि पुढे तो विषय परत आला तेव्हा स्टाफच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख होता.

पुण्यात मुख्य सभेत नागरिकाला बोलता येतं का हो? मला आठवतंय त्याप्रमाणे बाबा गॅलरीत बसून यायचे, पण बोलायचा प्रश्नच नव्हता.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देतो.

मावशी, मुख्य सभेत अजूनही नागरिकाला बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. आपल्याकडे नागरिकाने बोलायची जागा कायद्याने खाली ठेवलीये. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, त्यात ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या. आपल्या महापालिका अधिनियमात प्रभाग समितीवर नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घ्यायची सोय आहे. तीन! प्रत्येक प्रभाग समितीवर. आणि ही जागा बहुतेक ठिकाणी पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावायला वापरली जाते हे आपण सगळे बघतो. नव्या समित्या बसतायत, हीच वेळ आहे, मुठाईताईंसारख्या वस्तीत काम करणाऱ्या लोकांची नावं तिथे गेली पाहिजेत. तुमच्या संस्थेची नोंदणी असेल तर ताई अर्ज करा, मी कागदपत्रं लावायला मदत करतो.

शिवाय क्षेत्रसभा म्हणून एक प्रकार २००९ पासून कायद्यात आहे. जेएनएनयूआरएम या शहर विकासाच्या योजनेतले केंद्राचे पैसे पाहिजेत तर लोकसहभागाचा कायदा करा अशी अट होती, म्हणून केला. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग आणि तिथल्या सगळ्या मतदारांची सभा, म्हणजे धायरीकर म्हणतात तशी ग्रामसभाच शहरातली. कायदा झाला आणि कपाटात गेला. गावं शहरात घेताना गावाकडे असलेली सभा काढून घेतली आणि शहराने द्यायची ती दिलीच नाही, ही मला सगळ्यात मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

सदाशिव, ४० टक्क्यांचं तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय पण मला त्यातून उलटं दिसतं. सरकारने सवलत काढली तरी लोकांकडे दाखवायला १९७० चा ठराव होता, म्हणून आंदोलनाला पाया मिळाला, कसब्याच्या पोटनिवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला आणि दोनेक महिन्यांत सवलत परत आली. कागद नसता तर मागणार काय होतो? डीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) वेळी २०१३ ला पुणेकरांनी ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना दिल्या होत्या, लेखी, पोच घेऊन. म्हणून सुनावण्या घ्याव्या लागल्या. नुसते मोर्चे काढले असते तर फोटो छापून आले असते आणि विषय संपला असता.

टेकडीवाला

टेकडीचं उदाहरण देतो. वेताळ टेकडीसाठी एप्रिल २०२३ ला हजारो लोक रस्त्यावर उतरले, मीही होतो, अंगावर काटा आला होता. बालभारती ते पौड फाटा रस्ता, बोगदे, सगळ्याला विरोध. पण आम्ही गटातली माणसं एका गोष्टीत कच्ची होतो, हा रस्ता कुठल्या वर्षीच्या डीपीत आला, पर्यावरणाचा कुठला अहवाल कुणी केला, बजेटमध्ये कुठल्या पानावर तरतूद आहे, हे सुरुवातीला मोजक्या चार-पाच जणांनाच माहिती होतं. ज्यांनी कागद वाचले त्यांच्यामुळे विषय टिकला. तेव्हा प्रशासक असल्याने सभेत प्रश्न विचारणारं कुणीच नव्हतं, प्रत्येक गोष्ट आरटीआय किंवा कोर्ट. आता नगरसेवक आहेत तर त्यांच्याकडून मुख्य सभेत लेखी प्रश्न टाकून घ्या, त्याचं उत्तर खात्याला लेखी द्यावं लागतं आणि ते रेकॉर्डवर येतं. हे नगरसेवकाकडून करून घ्यायचं खरं काम, फोन करून चेंबर बसवून घेणं नाही.

ओळंबा

आरटीआयचा विषय निघालाच आहे तर, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये जी माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची असते त्यात आठवा मुद्दा असा आहे की तुमच्या ज्या समित्या, मंडळं आहेत त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना बघायला मिळतात का, हे जाहीर करा. म्हणजे इतिवृत्त मागणं हा काही उपकार मागणं नाही. मागणीच्या अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा, साहेब लोक वाचताना थांबतात.

अर्ज करायचाच झाला तर महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्याआधी फायली नुसत्या बघायला मिळतात का ते कार्यालयात विचारा. पुणे महापालिकेने २००९ च्या सुमारास दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली नागरिकांना बघायला खुल्या करायची पद्धत सुरू केली आणि २०१८ ला सरकारने ती राज्यभर लागू केली. फार थोडे लोक जायचे. फाईल हातात घेऊन टिपणी बाजूची पानं वाचा, कुणी काय शेरा मारलाय ते तिथे असतं.

सदाशिव_३०

फोनवाल्या मुद्द्यावर ओळंबाकाका आणि मुठाईताई बोलल्या ते पटलं. चार जणांच्या प्रभागात जबाबदारी कुणाची हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. पण प्रभागातल्या चौघांनाही एकाच बैठकीला बोलवून इतिवृत्तात चौघांची नावं आणि हजर-गैरहजर लिहिलं तर? निदान वाटणीचं कारण सांगता येणार नाही.

पर्वतीपायथा

सदाशिव, हे फारच चांगलं सुचवलंत, घालतो. सगळ्यांचं ऐकून मसुदा केलाय, कुणीही कॉपी करून वापरा, तुमच्या शहरातल्या पद्धतीप्रमाणे नावं बदला.

"प्रति, मा. सहायक आयुक्त, ... क्षेत्रीय कार्यालय. विषय: नागरिकांबरोबरच्या मासिक बैठकीचे इतिवृत्त व कार्यवाही अहवाल मिळणेबाबत. महोदय/महोदया, आपल्या कार्यालयात होणाऱ्या बैठकीत नागरिक जे विषय मांडतात त्याची लेखी नोंद ठेवावी व बैठकीनंतर सात दिवसांत ती कार्यालयाच्या सूचना फलकावर व संकेतस्थळावर लावावी. नोंदीत विषय, संबंधित खाते, उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, तरतूद उपलब्ध आहे किंवा नाही व ती कोणत्या अर्थशीर्षकात, आणि पूर्ततेची तारीख असावी. मुख्य खात्याशी संबंधित विषय असल्यास त्या खात्याचा प्रतिनिधी पुढील बैठकीस बोलवावा. प्रभागातील सर्व सभासदांना बैठकीचे निमंत्रण द्यावे व त्यांची उपस्थिती नोंदवावी. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागील इतिवृत्तावरील कार्यवाहीने करावी. तक्रारदाराची खात्री झाल्याशिवाय विषय निकाली काढू नये. दर महिन्याची किमान एक बैठक सायंकाळी सहानंतर अथवा रविवारी, वस्ती भागातील मनपा शाळेत घ्यावी. माहिती अधिकार अधिनियम २००५ कलम ४(१)(ख) नुसार सदर इतिवृत्ते नागरिकांस पाहता येतात किंवा नाही हे जाहीर करणे आवश्यक आहे."

पाच-दहा जणांच्या सह्या असल्या तर उत्तम, पण एकाची असली तरी द्या. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही.

धायरीकर

मसुदा घेतला. आमच्याकडे यात एक ओळ वाढवतो, पाण्याच्या प्रत्येक स्रोताच्या तपासणीचा अहवाल दर बैठकीत वाचून दाखवावा. विहीर, बोअर, टँकर भरायचं ठिकाण, सगळं.

मुठाई

बायकांना वाचून दाखवला. शाळेतली बैठक ऐकून सगळ्या हो म्हणाल्या. एकजण म्हणाली अर्जावर अंगठा चालतो का? मी म्हटलं चालतो.

आणि अजून एक विचारायचं होतं, बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची ती जी योजना आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून द्यायचा, त्यात संडासाची दुरुस्ती बसते का?

ओळंबा

ताई, बसते. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक, पुण्यात २००६ पासून आहे. एका कामाला ५ लाखांपर्यंत मर्यादा असते आणि प्रभागाला ठरावीक रक्कम, त्यामुळे दुरुस्ती, दिवे, बाक, फुटपाथ अशी छोटी कामं त्यात चांगली बसतात. फॉर्म साधारण पावसाळ्याच्या शेवटाकडे मागवतात, जाहिरात छोटी येते, लक्ष ठेवा. सुचवलेलं काम प्रभाग समितीपुढे जातं आणि तिथे ते कापलं जाऊ शकतं, म्हणून त्या बैठकीचं इतिवृत्तही मागा, कुणी कुठल्या कारणाने कापलं ते कळेल.

पण कडीसाठी तोपर्यंत थांबू नका. ते देखभाल दुरुस्तीत येतं, क्षेत्रीय कार्यालयाच्या हातात असतं. उद्याच वेगळा अर्ज द्या, संडासाचं ठिकाण, कुठल्या बाजूचं कितवं दार, काय तुटलंय असं दारागणिक लिहा. दारागणिक लिहिलं की जेईला जागेवर जाऊन मोजावंच लागतं.

मुठाई

ठीक आहे काका. यादी करायला आज संध्याकाळी दोघीजणी जातायत, बॅटरी घेऊन. अर्ज उद्या देते आणि आवक नंबर इथे टाकते.